विटा ते काठमांडू, १,६०० किलोमीटर आणि वरची १५ मिनिटं

या महिन्यात प्रवासाची तीन पत्रं घेतोय. तिन्ही सातारा-सांगली पट्ट्यातलीच आहेत आणि तिन्हींचा विषय एकच, आपल्याकडचं विमानतळ आणि शेजारच्या देशातलं विमानतळ यातलं अंतर आणि लागणारा वेळ. पहिल्या पत्रात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतोय.

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही विट्याजवळच्या गावातले. माझे दीर बारा वर्षं झाली काठमांडूत गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान चालवतात, न्यू रोडच्या मागं. जाऊबाईंचं बाळंतपण मे महिन्यात आहे, डॉक्टरांनी वीस तारखेच्या आसपास सांगितलंय. सासूबाई वय ६८, मी आणि माझा ९ वर्षांचा मुलगा असे तिघं जाणार, मिस्टरांना दुकान सोडून येता येत नाही. मोबाईलवर मुंबई ते काठमांडू अंतर १,६०० किमी दाखवतंय, पण वेळ एका ठिकाणी २ तास, दुसरीकडं पावणेतीन तास, आणि तिकिटावरच्या वेळा धरून मोजलं तर बरोबर ३ तास येतात. यातलं खरं कुठलं? सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय. मिस्टर म्हणतात पुणे-दिल्ली-काठमांडू करा, पुणं आपल्याला जवळ पडतं. काय करावं?
– एक भगिनी, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : ताई, घरात बाळ येणार म्हणून आधी अभिनंदन. आणि आता ऐका, तुम्ही लिहिलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकानं वेगळी गोष्ट मोजलीय.

१,६०० किमी हे दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरी ताणून धरली तर जेवढी लागेल तेवढं. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८००-८५० किमीनं जातं, मग १,६०० ला ८०० नं भागलं की आले २ तास. नेटवरच्या बऱ्याच ठिकाणी एवढाच भागाकार करून ठेवलेला असतो. पण विमान काय एसटीसारखं स्टँडातून निघून थेट हायवेला लागत नाही, मुंबईत दारं बंद झाल्यावर धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जायला १५-२० मिनिटं जातात, मग वर चढताना वेग कमी, उतरताना परत कमी, आणि काठमांडूला उतरणं तर अजून वेगळं प्रकरण आहे ते खाली सांगतो. हे सगळं धरून कंपनी जो वेळ लावते तो पावणेतीन तासांच्या आसपास. दारं बंद होण्यापासून दारं उघडेपर्यंतचा वेळ हा. सासूबाईंना खुर्चीत बसावं लागणार ते एवढंच, त्यातही बेल्टची खूण विझली की मधल्या वाटेनं एखादी चक्कर मारून आणा, गुडघे मोकळे होतील.

मग ३ तास कुठून आले? नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरलेली, नेपाळनं १९८६ पासून गौरीशंकर शिखराजवळून जाणारं सव्वाशहाऐंशी अंशाचं रेखांश धरलंय. फरक पावणेचार अंशांचा, एका अंशाला ४ मिनिटं, झाली १५ मिनिटं. आणि विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात, त्यामुळं सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची काठमांडूची. सकाळी १० ला सुटलं की काठमांडूत १ ला पोचतं असं दिसतं, पण त्या वेळी विट्यात पाऊणच वाजलेला असतो. येताना याच्या उलट, तिकिटावर १५ मिनिटं कमी दिसतात. दीर न्यायला येणार असतील तर त्यांना तिकिटावरची वेळ जशीच्या तशी सांगा, स्वतः मिळवू-वजा करू नका. माझ्या ओळखीत एकानं हुशारीनं १५ मिनिटं मिळवली, तिकडच्यानं परत १५ मिळवली, आणि पोराला घेऊन बाई अर्धा तास बाहेर उभी.

आता मुख्य मुद्दा. ताई, तुम्हाला विमानतळापासून विमानतळापर्यंतचा वेळ नकोच आहे, तुम्हाला पाहिजे तो तुमच्या उंबऱ्यापासून दिरांच्या उंबऱ्यापर्यंतचा. तो मांडून बघू. सकाळी १० चं थेट विमान धरा. परदेशी विमानाला ३ तास आधी पोचायचं म्हणजे ७ ला मुंबईत. विटा ते मुंबई साडेतीनशे किमीच्या आसपास, कराडला येऊन हायवे धरायचा, खंबाटकी घाटात ट्रकच्या मागं अडकायचं, वर तासभर हाताशी ठेवायचा, म्हणजे रात्री दहाला घरातून निघायला पाहिजे. विमान काठमांडूच्या १ ला उतरणार, मग इमिग्रेशन, बॅगा, गर्दी, अडीचपर्यंत घरी. झाले साधारण सव्वासोळा तास. यात ढगांवर तुम्ही असता जेमतेम दोन तास!

मिस्टरांचा मार्ग बघू. विटा ते पुणं दोनशे किमी, पाच तास धरा. विमानाआधी दोन तास. पुणे-दिल्ली हवाई अंतर १,१५० किमी, सव्वादोन तास. दिल्लीत चार तास. दिल्ली-काठमांडू ८१५ किमी, पावणेदोन तास. उतरल्यावर दीड. बेरीज करा, साडेसोळा तास! म्हणजे पुणं जवळ असून पदरात काहीच पडत नाही, उलट दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं, आणि दिल्लीत टर्मिनल बदलायची वेळ आली तर बसनं जावं लागतं कारण तिथली टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत. सगळी परदेशी विमानं टर्मिनल ३ वरून सुटतात, पुण्याचं विमान कुठं उतरतंय ते बघायचं. त्यात दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बॅगा घेऊन परत चेक-इन करायचं आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या तिकिटाच्या पैशावर पाणी. गुडघे दुखणारी आई आणि नऊ वर्षांचं पोर घेऊन एकट्या बाईनं हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थेट विमान मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. मुंबईहून थेट विमानं असतात पण वेळापत्रक हंगामाप्रमाणं बदलतं, तेव्हा तुमच्या तारखेचं बघूनच ठरवा. आणि दिल्लीवरून जायचीच वेळ आली तर एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास काढा, बॅग थेट काठमांडूला जाईल का ते पुण्याच्या काउंटरवर विचारा.

मुंबईचं तिकीट काढताना अजून एक, आता नवी मुंबईलाही विमानतळ सुरू झालंय, कोड बीओएम असेल तर सहार-अंधेरीचं आणि एनएमआय असेल तर नवी मुंबईचं. हे बघायला विसरलात तर ऐन वेळी खाडी ओलांडायला धावाधाव होते.

कागदपत्रांचं नीट ऐका, यात मी स्वतः पोळलोय. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून लोक समजतात आधार कार्ड चालेल. १८ ते ६५ वयाच्या माणसाला विमानानं जाताना पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान ओळखपत्रच लागतं, आधार चालत नाही. १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना मात्र आधार चालतं. म्हणजे तुमच्या घरात सासूबाईंचं आधार चालेल, पोराचं चालेल, आणि अडाल त्या तुम्ही! काही वर्षांपूर्वी मी आईला आणि २८ वर्षांच्या भाच्याला घेऊन निघालो होतो. आईच्या मांडीवर भडंगाचा डबा, भाचा पुढं, काउंटरवरच्या पोरीनं आधार बघितलं, उलटं करून बघितलं, परत दिलं आणि म्हणाली हे नाही चालणार. मतदान कार्ड मिरजेत कपाटात. मागं रांग, आई विचारतीय काय झालं रं, आणि मला तिला सांगता येईना. शेवटी आई आणि मी गेलो, भाचा मागं राहिला, मग त्याला गावाकडनं कार्ड मागवून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सीमेवरचं सोनौली, आणि पुढं परत बसनं असा जावं लागलं. आम्ही पोचलो त्याच दिवशी संध्याकाळी, तो पोचला पाचव्या दिवशी. चूक माझी होती, तिकीट काढताना मी एकदा नियम वाचायला पाहिजे होता. म्हणून सांगतो, मूळ कार्ड पर्समध्ये ठेवा, फोटोवर आणि झेरॉक्सवर विसंबू नका. आणि ताई, तुमच्या मतदान कार्डावर माहेरचं नाव आहे का सासरचं ते आजच काढून बघा, तिकिटावर अक्षर न् अक्षर तसंच नाव घाला. लग्नानंतर आधारवर एक नाव, मतदान कार्डावर दुसरं, हे आपल्याकडं दर तिसऱ्या घरात आहे.

आता काठमांडूला उतरण्याचं. त्रिभुवन विमानतळ समुद्रसपाटीपासून १,३३८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढ्या उंचीवर, आणि चारी बाजूनं त्याहून उंच डोंगर, मधी कढईसारखं खोरं. धावपट्टी एकच. दक्षिणेकडनं सिमराच्या बाजूनं विमानं आत येतात आणि डोंगरावरून उतरतीला लागतात. त्यामुळं खाली गर्दी असली किंवा ढग दाटले की वर घिरट्या मारत थांबावं लागतं, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास. हे झालं तर घाबरू नका, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की विमान गोल फिरायला लागलं तर ते नंबर लावून थांबलंय. मे महिन्यात तिकडं दुपारनंतर वळवासारखे ढग जमतात, म्हणून सकाळचं विमान बरं. डिसेंबर-जानेवारीत मात्र उलट, सकाळी धुकं असतं.

एकच धावपट्टी म्हणजे काय ते ४ मार्च २०१५ ला दिसलं, एक मोठं विमान धुक्यात धावपट्टीवरून घसरून बाजूच्या गवतात गेलं, माणसं वाचली पण विमान हलवेपर्यंत परदेशी विमानांना चार दिवस काठमांडू बंद. असं रोज होत नाही, पण बाळंतपणाची तारीख वीस असेल तर अठराचं तिकीट काढू नका, दहा-बाराला पोचा. बाळ काय तारीख बघून येत नसतं.

राहिलं सामान. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची झबली-टोपडी, गोधडी हे सगळं न्या, पण तूप आणि लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीला काढून घेतात, मोठ्या बॅगेत डब्यात घट्ट बांधून टाका. भडंगाची पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म फुगलेली दिसतील. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, पाकिटातली हवा मात्र सांगलीत भरलेली, म्हणून ती फुगतात. काठमांडूत उतरल्यावर जरा बसतात पण पूर्ण नाही, कारण ते गावच उंचावर. सासूबाईंच्या कानात दडे बसतात तेही याच दाबामुळं, उतरताना तोंडात खडीसाखर ठेवायला द्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्याला लाजायचं कारण नाही, मुंबईच्या टर्मिनल २ ला चालणं भरपूर आहे.

आणि जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या. उत्तरेला हिमालय डाव्या हाताला येतो. मे मध्ये धुरकट असतं, दिसेलच असं नाही, पण दिसला तर पोराच्या डोळ्यांत बसेल. येताना उजवी बाजू.

प्रश्न : मी कामासाठी दिल्ली-काठमांडू चार वेळा केलंय. तिकिटावर जाताना १ तास ५० मिनिटं आणि येताना १ तास ४० मिनिटं असतात, म्हणजे येताना विमान लवकर येतं असं वाटतं. पण मी हातातल्या घड्याळावर मोजलं तर येतानाच जास्त वेळ बसलो होतो. माझं घड्याळ चुकतंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घड्याळ बरोबर आहे तुमचं, आणि मोजून बघितलंत हे फार आवडलं. वर सांगितलेली ती १५ मिनिटं काढून टाका. जाताना १ तास ५० मधून १५ वजा, राहिले १ तास ३५. येताना १ तास ४० मध्ये १५ मिळवा, झाले १ तास ५५. म्हणजे येताना खरे २० मिनिटं जास्त, आणि तिकिटानं ती झाकून उलटं दाखवलं.

आता ही २० मिनिटं कशाची, तर वाऱ्याची. उत्तर भारतावर हिवाळ्यात दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी १०० किमी तर सहज आणि पुष्कळदा दीडशेच्या वर. विमानाचा वेग हा हवेच्या मानानं असतो, जमिनीच्या मानानं नाही. तुम्ही सातारचे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमध्ये गाडी घातली असेल कधी, वारा पाठीवर असला की ऍक्सिलेटर न पिळता गाडी पळते आणि तोंडावर आला की तिसऱ्या गिअरलाही धापा टाकते, तसंच. ८१५ किमी अंतर, विमानाचा वेग ८०० आणि वारा १०० धरला तर जाताना जमिनीवरचा वेग ९००, येताना ७००. जाताना ५४ मिनिटं, येताना ७०. इथंच १६ मिनिटं गेली. बाकीची चढ-उतार आणि दिल्लीच्या गर्दीत.

पावसाळ्यात हा वारा उत्तरेला हिमालयापलीकडं सरकतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंचा वेळ जवळजवळ सारखा भरेल. परत एकदा मोजा आणि कळवा, खरंच.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर पैज लागलीय. शेजारच्या देशातलं सगळ्यात जवळचं विमानतळ कुठलं? कोण म्हणतं कोलंबो, कोण ढाका. आणि जवळचं असलं की वेळ कमी लागतो हे बरोबर ना?
– तिघे मित्र, कराड

उत्तर : कुठून मोजताय त्यावर आहे. मुंबईवरून मोजलं तर कोलंबो १,५२० किमी, म्हणजे काठमांडूपेक्षा फक्त ८० किमीनं जवळ, एक दक्षिणेला समुद्राकडं आणि एक ईशान्येला डोंगरात पण दोरी जवळपास तेवढीच. वर श्रीलंकेचं घड्याळ आपल्याएवढंच, त्यामुळं तिथं १५ मिनिटांची भानगड नाही. कराची मुंबईपासून ८८० किमीच आहे, ते त्याहून बरंच जवळ.

कोलकात्यावरून ढाका २४० किमी. सांगलीतून पुण्याला जाण्याएवढं! विमान वर जातंय तोवर उतरायला लागतं. बांगलादेशचं घड्याळ अर्धा तास पुढं, मग एक तासाचं विमान जाताना तिकिटावर १० ला सुटून साडेअकराला पोचतं आणि येताना १२ ला सुटून साडेबाराला. पण विमानात एक तास आणि विमानतळावर तीन तास, तेव्हा जवळ म्हणजे लवकर हे इथंच मोडलं.

आणि याहूनही जवळची जोडी ऐकाल तर अमृतसर आणि लाहोर. दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर ४३ किमीच्या आसपास, तुमच्या कराडपासून विटा जेवढा तेवढं. पण तिथं थेट विमानच नाही. एप्रिल २०२५ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलंय. अमृतसरच्या माणसाला लाहोरला विमानानं जायचं तर दुबईसारख्या ठिकाणी जावं लागणार, म्हणजे दोन हजार किमीच्या आसपास पश्चिमेला जायचं, तिथं दुसरं विमान पकडायचं आणि तेवढंच परत पूर्वेला येऊन ४३ किमीवर उतरायचं. अख्खा दिवस जातो. पैज ज्यानं ढाका म्हटलं त्याला द्या, कारण तिथं निदान विमानात बसून जाता येतं.